'बसून जाते भाऊ!' जुन्या स्पोर्ट्स कारला मोठे अलॉय लावताय? या चुका टाळा

नागपुरात जुनी होंडा सिटी व्हीटेक, पालिओ 1.6 किंवा ऑक्टाव्हिया व्हीआरएस घेऊन टायरच्या दुकानात जा आणि भिंतीवरच्या मोठ्या अलॉय चाकांकडे बोट दाखवा. उत्तर ठरलेलं असतं: "बसून जाते भाऊ." नट आवळले जातात, गाडी जॅकवरून खाली येते, फोटोही निघतो. मग चौघे जण गाडीत बसले, की पहिल्याच स्पीडब्रेकरवर मागून खर्रर्र आवाज. चाक हबवर (गाडीच्या ज्या मधल्या भागावर चाक आवळतात तो) चढलं म्हणजे ते गाडीला बसलं, असं होत नाही. बसतंय की नाही हे सांगणारे आकडे चाकाच्या मागच्या बाजूला कोरलेले असतात, आणि भिंतीवर टांगलेल्या चाकाची तीच बाजू दिसत नाही.

(कट्टर मंडळी म्हणतील, या कुठल्या स्पोर्ट्स कार! मान्य. पण माझदा एमएक्स-5 ही खरी स्पोर्ट्स कार कंपनीने आपल्याकडे कधी विकलीच नाही. तिची पहिली पिढी 185/60 आर14 टायरवर यायची: रुंदी 185 मिलिमीटर, साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत तिच्या 60 टक्के उंच, चाक 14 इंची. हिशेब तिलाही हाच लागतो.)

पीसीडी 'जवळपास' जुळतो

चाकाची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. सिटीला 4×100 (म्हणजे 4 भोकं, 100 मिलिमीटरचं वर्तुळ), ऑक्टाव्हियाला 5×100, जुन्या पोर्शे बॉक्स्टरला 5×130. यात सगळ्यात जास्त फसतो तो पालिओवाला. फियाटचा पीसीडी 4×98 आणि बाजारात रेलचेल 4×100 ची. फरक फक्त 2 मिलिमीटरचा, त्यामुळे पाना जोरात फिरवला की चारही बोल्ट आत जातात. पण नीट बघा: एक बोल्ट सरळ बसलेला असतो आणि बाकीचे किंचित तिरके, एका कडेवर रेललेले. असं चाक मध्यावर बसत नाही, बोल्ट हळूहळू सैल होतात आणि बॅलन्सिंग कितीही केलं तरी थरथर जात नाही. 98 चं चाक मिळेपर्यंत थांबावं, हे माझं स्पष्ट मत.

नट-बोल्टचंही तसंच. होंडाच्या मूळ चाकाच्या नटाची बैठक गोल असते, बाहेरच्या बहुतेक अलॉयची शंकूसारखी. जुनेच नट नव्या चाकावर आवळले तर ते पातळ रेषेवरच टेकतात. आटेही वेगळे असतात: होंडाचे एम12×1.5 (12 मिलिमीटर जाडी, 1.5 मिलिमीटरचा आटा), मारुतीचे एम12×1.25. त्यामुळे मारुतीच्या गॅरेजमधून उसने आणलेले नट सिटीच्या स्टडचे (हबमधून बाहेर आलेल्या बोल्टचे) आटे खातात. नट आधी हाताने फिरवून पाहा. पाच-सहा फेरे हाताने गेले तरच पाना लावा. हवेची गन थेट लावणाऱ्याला सरळ थांबवा. त्याला राग येईल, येऊ द्या.

80 च्या पुढे थरथर

समृद्धी महामार्गावर गाडी चढवली आणि 80-90 ला स्टेअरिंग थरथरायला लागलं, तर दुकानदार पुन्हा बॅलन्सिंग करून देतो. दोनदा करूनही फरक पडला नाही, तर पैसे घालवणं थांबवा आणि सेंटर बोअर, म्हणजे चाकाचं मधलं भोक, मोजा. सिटीचा हब 56.1 मिलिमीटरचा, ऑक्टाव्हियाचा 57.1, पालिओचा 58.1. बाहेरचं अलॉय मात्र अनेक गाड्यांना चालावं म्हणून मोठ्या बोअरचं बनवतात. मधली जागा भरायला हब रिंग लागते. ती दिली नाही तर चाकाचं मध्य नटांच्या भरवशावर ठरतं. प्लास्टिकची रिंग ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडू शकते. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 वर असताना, ॲल्युमिनियमचीच घ्या. बाहेरचा व्यास चाकाचा आणि आतला हबचा, दोन्ही व्हर्निअर कॅलिपरने मोजून.

रिंग बसवूनही थरथर राहिली तर चाक टायरशिवाय बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून पाहा. सेकंडहँड अलॉय वाकडं असलं तर कड डुलताना डोळ्यांना दिसते. आतल्या बाजूला वेल्डिंगचा पट्टा आणि त्यावर ताजा रंग दिसला, तर ते चाक फुकटातही नको.

ऑफसेट

सगळ्यात जास्त गाड्या इथेच घासतात, म्हणून जरा सविस्तर. चाकावर ईटी 45 असं लिहिलेलं असतं. चाकाची मधली रेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यातलं हे अंतर, मिलिमीटरमध्ये. ईटी कमी, तितकं चाक बाहेर.

समजा मूळ चाक 5.5 इंच रुंद, ईटी 45. तुम्हाला आवडलं 7 इंच रुंद, ईटी 35. रुंदी दीड इंचाने, म्हणजे 38 मिलिमीटरने वाढली. निम्मी, 19, आत आणि 19 बाहेर. ऑफसेट 10 ने कमी झाल्यामुळे सगळं चाक आणखी 10 बाहेर सरकलं. म्हणजे बाहेरची कड 29 मिलिमीटर पुढे आली आणि आतली कड 9 मिलिमीटर स्ट्रटच्या (चाकामागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या खांबाच्या) जवळ गेली. आता मूळ चाक गाडीवर असताना मडगार्डच्या कडेपासून टायर किती आत आहे आणि स्ट्रटपासून किती लांब आहे, ते मोजा. स्ट्रटकडे 12 मिलिमीटरच जागा असेल तर नव्या चाकाला 3 उरतील. वळणावर टायर त्याहून जास्त दबतो.

मोजायला पट्टी पोचत नसेल तर कणकेचा गोळा पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून स्ट्रटवर चिकटवा, चाक चढवा आणि हाताने सावकाश फिरवा. दबलेल्या कणकेची जाडी म्हणजे तुमची उरलेली जागा. ब्रेक कॅलिपर आणि चाकाच्या काड्यांमधली जागाही याच पद्धतीने कळते. हे सगळं चाक विकत घ्यायच्या आधी, दुकानात. टायर चढल्यावर कोणी परत घेत नाही.

घासण्याच्या खुणा वाचता येतात. टायरच्या आतल्या खांद्यावर चकचकीत पट्टा पडला, तर तो स्ट्रटला लागतोय. बाहेरच्या खांद्यावर ओरखडे असतील, तर मडगार्डची कड लागतेय, बहुधा मागच्या सीटवर माणसं असताना. फक्त स्टेअरिंग फुल काटून रिव्हर्स घेताना आवाज आला, तर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकचा पुढचा खालचा कोपरा बघा; तिथे बहुतेक वेळा टायरचा एकूण व्यासच जास्त झालेला असतो.

आत लागतंय म्हणून स्पेसर (हब आणि चाक यांच्यामधली चकती) टाकायचा, तर स्टडची लांबी आधी बघा. एम12×1.5 च्या नटाला निदान 8 पूर्ण फेरे मिळाले पाहिजेत. मधोमध हबवर न बसणारा, नुसता सपाट चकतीसारखा स्पेसर घेऊ नका.

टायरचा व्यास आणि साइडवॉल

175/65 आर14 चा व्यास 583 मिलिमीटर. त्याजागी 195/50 आर15 घेतला तर 576, म्हणजे फरक नगण्य. 205/45 आर16 चा 591, तोही चालून जातो. पण दुकानात होता म्हणून 205/50 आर16 चढवला, तर 611 होतो, जवळपास 5 टक्के जास्त. काटा 115 दाखवत असताना गाडी 120 ला असते. समृद्धीवर कारची मर्यादा 120 आहे, म्हणजे काट्यावर 120 दिसेपर्यंत तुम्ही कधीच पलीकडे गेलेले असता.

आकार जुळला तरी लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, पाहा. 82 म्हणजे 475 किलो, 80 म्हणजे 450. साइडवॉल जितकी बुटकी, तितका हवेचा नेमका दाब महत्त्वाचा. शहरात सिमेंट रोड जिथे संपून पेव्हर ब्लॉक किंवा डांबर सुरू होतं, तिथली उंच कड बुटक्या टायरला थेट रिमवर मारते. पावसाळ्यात ती पाण्याखाली असते. रोज शहरात चालणाऱ्या गाडीला म्हणूनच मी 15 च्या वर जाऊ देत नाही, ब्रेक मोठे असतील तर गोष्ट वेगळी. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. दुपारी गरम टायरचा दाब वाढलेला दिसला म्हणून हवा काढली, तर सकाळी तोच टायर कमी हवेचा निघतो.

साइडवॉलवरचे चार आकडेही वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. स्वस्तात मिळणारा टायर बरेचदा इथेच स्वस्त झालेला असतो.

वजन कोणी विचारत नाही. स्वस्त 17 इंची अलॉय मूळ 14 इंचीपेक्षा बरंच जड निघू शकतं. जुन्या 1.5 लिटर इंजिनाला ते सिग्नलवरून निघतानाच जाणवतं आणि सस्पेन्शनचे बुश लवकर बोलायला लागतात. वजनकाटा घेऊन जा.

कागदपत्रं आणि स्टेपनी

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि मडगार्डबाहेर आलेला टायर लांबूनच नजरेत भरतो. गाडीला 15 वर्षं झाली असतील तर नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीआधी मूळ चाकं चढवावी लागू शकतात, तेव्हा ती भंगारात देऊ नका. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

स्टेपनी बहुतेक जुनी लोखंडी डिशच, म्हणजे साधं लोखंडी चाकच, राहते. अलॉयसाठी घेतलेले लांब बोल्ट डिशला लावले तर ते आत जास्त घुसून मागच्या ब्रेकच्या भागांना टेकू शकतात. मूळ चार बोल्ट किंवा नट एका पिशवीत घालून स्टेपनीच्या मधल्या खड्ड्यात ठेवा, आणि चाकं बदलल्यापासून 50 ते 100 किलोमीटरनंतर सगळे नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासा. टॉर्कचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला, दुकानदाराच्या अंदाजाचा नको.