थँक्सगिव्हिंगच्या गडबडीत दोन-तीन वर्षांच्या पोरांना गुंतवायचं कसं?

अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, थँक्सगिव्हिंगचा सण, म्हणजे सकाळपासून तापलेला ओव्हन, भरलेला ओटा आणि पायात घुटमळणारं पोर. 'जा, तिकडे खेळ' म्हणून ते जात नाही. तुम्ही जिथे, तिथेच त्याला यायचं असतं. मग त्याला कामच द्या. ओव्हनपासून लांब, पण तुम्ही दिसाल अशा जागी जुनी चादर अंथरा. परातीत दोन बोटं कोमट पाणी, एक गाळणी, एक डाव आणि धुवायला चार-पाच बटाटे. धुऊन झालेले बटाटे पुन्हा परातीत टाकले तरी त्याची तक्रार नसते! पाणी थोडं असलं तरी शेजारी मोठं माणूस हवंच. भारतातून आजी-आजोबा आले असतील, तर ही ड्यूटी त्यांची.

मेसीज परेड, म्हणजे मेसीज या दुकानाची न्यूयॉर्कमधली मिरवणूक, सकाळी टीव्हीवर असते. आभाळाएवढे फुगे दिसतात तोवर पोरं बघतात, मधली गाणी लागली की उठतात. तिच्यावर फार विसंबू नका.

खरी गोची जेवणाची. टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) तासन्‌तास भाजत राहते, बऱ्याच घरी पानं दुपारी तीन-चारला मांडली जातात, आणि तोवर पोर झोपेला आलेलं असतं. त्याला बाराच्या सुमारास मऊ वरण-भात भरवून झोपवा, पाहुण्यांसाठी थांबू नका. टीपॉयवरचे अख्खे बदाम-अक्रोड आणि पॉपकॉर्न उचलून वर ठेवा, घशात अडकतात. द्राक्षं द्यायचीच तर उभ्या चार फोडी करून.