इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती कशी शोधावी: ‘व्हील’पासून चाकापर्यंत

इंग्रजी शब्द संस्कृतसारखा वाटला की थेट संस्कृत गाठायचा मोह होतो. तो आवरा. शब्द टप्प्याटप्प्याने मागे न्यायचा आणि सुरुवात आजच्या उच्चारापासून नाही, तर सर्वांत जुन्या लेखनापासून करायची.

‘व्हील’ घ्या. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत आधी तारखा आणि जुनी रूपं पाहा, अर्थ नंतर. शब्द साधारण ११००च्या आधीपासून असेल तर तो बहुधा इंग्रजीचा घरचाच. १०६६मध्ये फ्रेंच बोलणारे नॉर्मन इंग्लंडात आले. त्यानंतर प्रथमच दिसणारा शब्द फ्रेंच किंवा लॅटिनमधून उसना घेतला आहे का, हे आधी तपासावं.

‘व्हील’ जुन्या इंग्रजीत ‘ह्वेओल’ असा मिळतो आणि शेजारी ‘ह्वेओगोल’ही. हे दुसरं रूप सोडू नका, सगळी मेख त्याच्या ‘ग’मध्ये आहे. संस्कृत, ग्रीक, इंग्रजी यांच्या समान पूर्वज-भाषेतलं (आद्य इंडो-युरोपीय) मूळ रूप *क्वेक्वलोस, ‘फिरणे’ अर्थाच्या धातूची द्विरुक्ती. इंग्रजी ज्यातली, त्या जर्मानिक शाखेत पहिल्या ‘क’चा ‘ह’ झाला, दुसऱ्याचा ‘ग’, आणि ‘ह्वेओल’मध्ये तो ‘ग’ही गळाला. संस्कृतात पहिल्याचा ‘च’ आणि ‘ल’चा ‘र’ होऊन चक्र. मग प्राकृतात चक्क, मराठीत चाक. ग्रीक ‘कुक्लोस’ही याच कुळातला. तो लॅटिन-फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘सायकल’ झाला. उसना असल्यामुळे त्यातला दुसरा ‘क’ शाबूत आहे.

*क्वेक्वलोसच्या आधीची फुली (*) म्हणजे ते रूप ध्वनिनियमांवरून बांधलेलं आहे, कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही. उतरवून घेताना ती गाळली की अंदाज पुराव्यासारखा दिसू लागतो.

सर्वांत जास्त फसगत होते ती साम्यामुळे. ‘डे’ आणि ‘दिवस’ अर्थाने एक, कानाला जवळचे, तरी नातं नाही. जर्मानिक शाखेत व्यंजनं कशी बदलली हे सांगणाऱ्या ग्रिमच्या नियमानुसार संस्कृत ‘द’समोर इंग्रजीत ‘ट’ यायला हवा: द्वि–टू, दश–टेन, दन्त–टूथ. ‘डे’मध्ये ‘ड’ आहे, म्हणून तो बाद. ‘दिवस’चं खरं भावंड लॅटिन ‘दिएस’. उलट ‘व्हील’ आणि ‘चाक’ यांत कानाला काहीच जुळत नाही, पण ध्वनिनियम प्रत्येक अक्षराला लागू पडतात. एका जोडीवर मात्र विसंबू नका. तोच बदल दाखवणारे आणखी तीन-चार शब्द हाताशी ठेवा.

काही वाटा मध्येच संपतात. ‘डॉग’ उशिराच्या जुन्या इंग्रजीत ‘डॉग्गा’ असा क्वचित दिसतो. त्यामागे खात्रीचं काही नाही. तिथे ‘मूळ अज्ञात’ लिहा आणि धातू चिकटवू नका.