सांबरा ते बेंगळुरू : हवाई अंतर आणि खरा वेळ

रस्त्याने बेळगाव–बेंगळुरू सुमारे ५०० किमी. विमानाला तो आकडा लावू नका.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या: सांबरा (बेळगावचा विमानतळ) १५.८६, ७४.६२, बेंगळुरू १३.२०, ७७.७१. अक्षांशांतला फरक २.६६, गुणिले १११ (एका अंशाचे साधारण किमी) म्हणजे २९५ किमी. रेखांशांतला फरक ३.०९. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. विषुववृत्तापासून दूर जाताना रेखांश जवळ येतात, म्हणून १११ ला आणखी ०.९७ ने गुणायचं (मधल्या अक्षांशाचा कोसाइन). आले ३३३. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा: ४४५ किमी. सागरी मैल हवे असतील तर १.८५२ ने भागा, २४० येतात.

पंख्याचं एटीआर विमान ताशी ५०० किमीच्या आसपास जातं, म्हणजे ५३ मिनिटं. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांची वीसेक मिनिटं धरा, सव्वा तास. जेट असलं तरी एवढ्या अंतरात फार वाचत नाही, पूर्ण वेग गाठेपर्यंत उतरायची वेळ होते.

चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. सांबरा बेळगाव शहरापासून दहाएक किमीच, पण निपाणीहून निघणाऱ्यांनी अडीच तास तरी हाताशी ठेवावेत.