लेड झेपलिनच्या जुन्या कॅसेटी वाचवताना या चुका टाळा

लेड झेपलिन या इंग्लंडच्या रॉक बँडच्या मैफलींच्या कॅसेटी आपल्या भागात सापडतात म्हटलं तर नागपुरातले लोकही विश्वास ठेवत नाहीत. पण वणी, आर्वी, पुसद, उमरखेडच्या घरांतल्या आलमाऱ्यांत त्या आहेत. ऐंशी-नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईला शिकायला गेलेल्या पोरांनी होस्टेलवर रात्रभर जागून त्या कॉपी केल्या, सुट्टीत गावी आणल्या आणि नोकरी लागल्यावर तिथेच सोडल्या. कंपनीने कधी न काढलेली, श्रोत्यांत बसलेल्या कुणीतरी लपूनछपून केलेली ही रेकॉर्डिंग. आता घरं पाडून नवी बांधताना त्या बाहेर निघताहेत, आणि दुःख याचं की बऱ्याचशा वाचवायच्या घाईतच खराब होताहेत.

ऊन, कूलर आणि बुरशी

कॅसेट दमट वाटली की कुरडया-पापडांसारखी उन्हात मांडायची, ही आपल्याकडची हमखास चूक. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा ४५ अंशांपुढे जातो आणि गच्चीची फरशी त्याहून कितीतरी तापते. कवच वाकतं, टेप ताणली जाते, आणि ताणलेली टेप मूळपदावर येत नाही. पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळे काढलेल्या कॅसेटींचंही हेच होतं.

दुसरी बाजू कूलरची. आपला उन्हाळा कोरडा, बुरशीला त्यात वाव नाही. पण कूलरच्या खोलीत ओला वारा फिरत राहतो आणि त्याला लागूनच पावसाळा येतो. ज्या खोलीत कूलर, त्या खोलीत कॅसेटी ठेवू नका.

वाजवण्याआधी कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे उजेडात पाहा. कडेवर पांढुरकी भुकटी दिसली तर ती कॅसेट एकदाही लावू नका. बुरशी डेकच्या, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्राच्या, हेडला (टेपवरून आवाज उचलणाऱ्या भागाला) चिकटते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ती दोन-तीन आठवडे राहू द्या, मग तोंडाला मास्क बांधून, कवच उघडून, कोरड्या मऊ ब्रशने कडा झाडा. टेपवर स्पिरिट नको, थिनर तर मुळीच नको. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरायचं ते डेकचं हेड पुसायला. रबरी रोलरला किंचित साबणाचं पाणी आणि लगेच कोरडं फडकं पुरतं.

आवाज दबका म्हणून कॅसेट फेकणे

आमच्या बाजाराच्या गावात एक जुने रेडिओ मेकॅनिक बसतात. दबक्या आवाजाची कॅसेट त्यांच्यासमोर ठेवली की ते ती वाजवतही नाहीत. उलटी करून मधल्या फटीत बघतात आणि म्हणतात, "कॅसेट चांगली हाय भाऊ, पॅड पडलं हाय." त्या फटीत तांब्याच्या रंगाची पातळ पट्टी असते, तिच्यावर नखाहून लहान नमद्याचा तुकडा चिकटवलेला. तो टेपला हेडवर दाबून धरतो. उष्णतेने डिंक सुटतो, तुकडा गळतो आणि झांजांची सगळी चमक जाते. पाच स्क्रूची दुसरी चांगली कॅसेट घ्या, दोन्ही गुंडाळ्या उचलून तिच्यात ठेवा, टेप दोन्ही टोकांच्या रोलरवरून नीट फिरली आहे ना ते बघा आणि मगच झाकण लावा. कवच बिनस्क्रूचं, चिकटवलेलं असेल तर ते सांध्यावर पातळ पातीने हळूहळू उघडावं लागतं. मेकॅनिककडून करून घेतलेलं बरं.

पॅड शाबूत असूनही आवाज बोथट असेल तर हेडच्या शेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू तपासा. ज्या डेकवर कॉपी झाली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या हेडचा कोन जुळत नसतो. स्क्रूच्या मूळ जागेवर खूण करा, दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये ऐका आणि अगदी थोडाथोडा फिरवत वरचे सूर सर्वांत उघडे वाटतील तिथे थांबा. लोक हे सोडून थेट कॉम्प्युटरवर ट्रेबल वाढवतात. टेपवरून जे उचललंच गेलं नाही ते ट्रेबलने येणार कुठून?

भारनियमनात इन्व्हर्टरवर काम

स्वस्त इन्व्हर्टरची वीज चौकोनी लहरीची असते. तिच्यावर डेक चालवला की रेकॉर्डिंगभर करकर येते. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, तेही ऐकू येतं. लाइन स्थिर असते त्या वेळी, बहुतेक गावांत रात्री उशिरा, काम करा. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर ठेवा, कारण घराचं अर्थिंग धड नसेल तर चार्जरमधून घरघर येते. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात वायर खुपसू नका. तिथला माइक सहसा मोनो असतो. लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर घ्या, सर्वांत मोठा आवाज -६ डेसिबलच्या खाली ठेवा. ९० मिनिटांची कॅसेट साधारण दीड जीबी होते. फ्लॅक या फाइल-प्रकारात ठेवली तर त्याहून कमी जागा लागते आणि काही हरवत नाही. एमपी-३ मध्ये हरवतं, आणि नंतर त्याचं फ्लॅक केलं तरी गेलेलं परत येत नाही.

हमिंग आधी पुसणे

सर्वांत मोठं नुकसान इथे होतं. लोक पहिल्याच दिवशी हमिंग, म्हणजे मागचं विजेचं बारीक घुमणं, काढून टाकतात, आणि टेपचा खरा स्पीड सांगणारा साक्षीदार तेच असतं.

अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे आणि इंग्लंडमध्ये ५० ची. स्टेजवरचे अ‍ॅम्प्लिफायर बारीक घुमत असतात आणि ते घुमणं त्या जागेच्या विजेचं असतं. लॉस एंजेलिसच्या फोरम या सभागृहातली मैफल असेल तर दोन गाण्यांमधल्या शांततेत स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजातले सूर रेषांत दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या चित्रावर) ६० ला, किंवा तिच्या दुपटीला १२० वर, रेषा दिसायला हवी. ती ६२ वर दिसली तर टेप तीन टक्क्यांहून थोडी जास्त वेगाने चालते आहे. सहा टक्क्यांचा फरक म्हणजे काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जाणं. भजनाला पेटी वाजवणारा माणूस तो लगेच पकडेल.

जपानच्या कॅसेटी तपासताना तर आणखी जपा. त्या देशाच्या पूर्वेला वीज ५० ची आणि पश्चिमेला ६० ची. सप्टेंबर १९७१ मध्ये बँड तिथे गेला, तेव्हा टोकियोच्या मैफलींत रेषा ५० वर शोधायची आणि ओसाकाच्या मैफलींत ६० वर. अमेरिकेच्या मैफलीत ६० बरोबर ५० चीही रेषा दिसली, तर ती बहुधा कॉपी करतानाची आहे. पण आधी कोरी कॅसेट लावून तुमचा डेक स्वतः किती घुमतो ते बघा.

एकच आकडा काढून तो पूर्ण कॅसेटला लावू नका. रेकॉर्डर बॅटरीवर चालायचे. बॅटरी उतरली की मोटर मंद व्हायची, म्हणून आज वाजवताना शेवटची गाणी भरधाव पळतात. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळं मोजा.

हिस सगळी काढायची हौस

बँडचा ड्रमर जॉन बोनमच्या झांजा आणि टेपची हिस, म्हणजे तिची सततची सूंसूं, एकाच पट्ट्यात राहतात. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन जोरात लावलं की हिस जाते, झांजाही जातात आणि उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. मला हिस असलेली मैफल कधीही चालेल. थोडी कमी करायचीच असेल तर दुसऱ्या प्रतीवर करा. डेकवरून आलेली पहिली फाइल तशीच राहिली पाहिजे, बाजू बदलतानाची तुटलेली जागाही त्यात तशीच.

लेबलवर विश्वास

कॅसेटवर १९७४ किंवा १९७६ लिहिलं असेल तर ती तारीख खोटी समजा. त्या दोन्ही वर्षांत बँडचा एकही दौरा झाला नाही. 'स्टेअरवे टू हेवन' लोकांसमोर पहिल्यांदा ५ मार्च १९७१ रोजी बेलफास्टमध्ये वाजलं, म्हणून ते गाणं असलेली '१९७०' ची कॅसेटही चुकीची. चौघांची एकत्र शेवटची मैफल ७ जुलै १९८० ची, बर्लिनची. 'बॉम्बे १९७२' लिहिलेली सापडली तर ती मैफल समजून नाव देऊ नका. बँडचे गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लँट यांनी त्या वर्षी मुंबईत स्थानिक वादकांबरोबर स्टुडिओत काम केलं होतं, त्याची कॉपी असण्याची शक्यता जास्त. तरीही मूळ लेबल फाडू नका, पुसू नका. त्याचा फोटो काढा आणि तुमची शंका वेगळ्या टिपणात लिहा. कॅसेट कुणाकडून आली, कितवी कॉपी, कोणता डेक, स्पीड किती बदलला, सगळं त्याच टिपणात. माइक मिलार्ड या श्रोत्याने व्हीलचेअरमध्ये नाकामिची ५५० हा कॅसेट रेकॉर्डर लपवून जून १९७७ मध्ये फोरमची मैफल टिपली. तिच्या मूळ टेपच्या जवळच्या कॉपीत आणि पाचव्या-सहाव्या कॉपीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि हातातली कितवी हे टिपणाशिवाय पुढच्या माणसाला कळत नाही.

हे विकू नका. संगीत त्या चौघांचं आहे, आणि संग्राहकांत देवाणघेवाण पैशांशिवायच चालते. तीच मैफल कंपनीने अधिकृतपणे काढली तर आपली प्रत वाटणं थांबवा आणि ती विकत घ्या. फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. आणि कॉम्प्युटरवर घेतली म्हणून मूळ कॅसेट भंगारवाल्याला देऊ नका. उद्या कुणाकडे अधिक चांगला डेक असेल.