इमर्जन्सी लॉजिस्टिक्स प्लॅनसाठी ग्रुप चालवायचाय? आधी 'होऊन जाईल' बंद करा

मीटिंगमध्ये साहेबांनी तुमच्याकडे बघून सांगितलं की आपत्ती आली तर सामान, गाड्या, माणसं कशी हलवायची त्याचा प्लॅन करा, एक ग्रुप बनवा, दीड महिन्यात द्या, आणि तुम्ही हो म्हणून मोकळे झालात. आता बहुतेक जण काय करतात तर जुनी कुठलीतरी फाइल काढतात, नावं बदलतात, तारखा बदलतात, स्पायरल बाइंडिंग करून कपाटात ठेवतात. तेच करायचं असेल तर ग्रुप वगैरे काही लागत नाही, एक दुपार पुरते.

खरा प्लॅन करायचा असेल तर पहिल्या दिवसापासून एका शब्दाच्या मागे लागा, तो म्हणजे 'होऊन जाईल'. ट्रक? होऊन जाईल. डिझेल? मिळून जाईल. उतरवायला माणसं? येतील की. लीडरचं काम एवढंच की असं वाक्य कानावर आलं की तिथेच थांबवायचं आणि विचारायचं, कोण करणार, कशाने करणार, किती वेळात करणार. सुरुवातीला लोक वैतागतात, तिसऱ्या मीटिंगपासून एकमेकांनाच विचारायला लागतात.

ग्रुप 7 ते 9 जणांचा ठेवा, जास्त झाले की भाषणं सुरू होतात. स्टोअर, ट्रान्सपोर्ट, परचेस, अकाउंट्स, सिक्युरिटी, फोन-वायरलेस सांभाळणारा, आणि ज्याच्याकडे सामान शेवटी पोचणार त्याचा माणूस, म्हणजे मेडिकलवाला किंवा शेल्टर चालवणारा. हा शेवटचा माणूस हमखास राहून जातो, मग पाठवणारे आपसात ठरवतात आणि घेणाऱ्याला ट्रक दारात आल्यावर कळतं. आणि बोलावताना डिपार्टमेंटला नाही, माणसाला नावाने बोलवा, नाहीतर दर वेळी नवीन चेहरा येतो आणि मागचं सगळं परत सांगत बसावं लागतं.

स्टोअरकीपर मीटिंगमध्ये बोलत नाही, कारण समोर सगळे मोठे साहेब असतात. त्याला पहिल्यांदा विचारा. आम्ही एकदा तासभर गोडाऊनमधून 40 मिनिटांत लोडिंग कसं करायचं यावर चर्चा केली, चार्ट वगैरे काढले, आणि शेवटी स्टोअरकीपर हळूच म्हणाला की साहेब शटर लाइटवर चालतं, लाइट गेली तर हाताने उघडायला हँडल लागतं आणि ते हँडल मागच्या वर्षीपासून सापडत नाहीये. संपला चार्ट.

पहिल्या मीटिंगला प्लॅन लिहायला बसूच नका. फक्त चार गोष्टी ठरवा. कशासाठी तयारी करतोय (पूर, भूकंप, आग, साथ, यातल्या एक-दोनच घ्या, सगळं एकदम नको), किती लोकांसाठी, किती दिवस, आणि बाहेरून मदत कधी येईल असं धरायचं. पहिले 72 तास आपलं आपल्यालाच निभवायचंय असं धरून चाला, त्याआधी कोणी आलं तर चांगलंच आहे. या चार उत्तरांवर वरिष्ठांची सही घ्या. त्याच कागदावर अजून एक लिहून घ्या, प्लॅन सुरू करा असं कोण सांगणार, तो फोनवर नाही सापडला तर दुसरा कोण, तिसरा कोण, आणि तीन कोटेशन न मागवता किती रकमेपर्यंत खरेदी करता येईल. अकाउंट्सचा माणूस ग्रुपमध्ये कशाला हा प्रश्न कोणीतरी विचारतोच, तर यासाठी.

आता हिशोब, इथे मात्र वेळ घालवा, दोन मीटिंग गेल्या तरी चालतील. उदाहरण 1000 लोकांचं घेऊ. स्फिअर म्हणून मदतकार्य करणाऱ्या संस्थांनी मिळून ठरवलेली जी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत त्यात माणशी दिवसाला कमीत कमी 15 लिटर पाणी धरतात, पिणं, स्वयंपाक, धुणं सगळं मिळून. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणजे 1000 लोकांना दिवसाला 15 टन पाणी! आणि अन्न? माणशी 2100 कॅलरी धरल्या तर कोरडा शिधा साधारण अर्धा किलोच्या थोडा वर, म्हणजे सगळ्यांचा मिळून अर्धा-पाऊण टन. सगळ्या चर्चा अन्नाच्या पाकिटांवर होतात आणि वजन सगळं पाण्यात असतं. हा आकडा बोर्डावर लिहिला की ग्रुपला आपोआप कळतं की पाणी लांबून वाहून आणणं परवडणार नाही, जवळचा स्रोत, पंप, टाकी, क्लोरीन याचा विचार करावा लागेल, आणि वाहून आणायचंच तर फक्त पिण्याचं आणि अन्नापुरतं, माणशी 2.5 ते 3 लिटर.

असाच हिशोब डिझेलचा करा. 100 केव्हीएचा जनरेटर फुल लोडला तासाला ढोबळमानाने 20 लिटर पितो, 72 तासांचे झाले 1440 लिटर. कोणीतरी म्हणेल पंपावरून आणू. पेट्रोल पंपाची मशीनसुद्धा विजेवर चालतात, त्यांच्याकडे जनरेटर आहे का ते जाऊन बघून या. फोनवर विचारलं तर 'आहे ना' असंच उत्तर येतं.

मग रस्ता. इथे एक सवय लावून घ्या, उलटं चालायचं. गोडाऊनपासून सुरुवात न करता ज्याच्या हातात खोका पडणार तिथून मागे मागे या. तिथे मोठी गाडी वळते का, उतरवणार कोण, ठेवायचं कुठे, पावसात झाकणार कशाने, वाटेतल्या पुलावर किती टनाची मर्यादा आहे. हैतीत 2010 च्या भूकंपात राजधानीचं बंदर मोडलं आणि सगळा भार एकच धावपट्टी असलेल्या विमानतळावर आला, जगभरातून सामान निघालं होतं पण उतरवायला जागा नाही अशी अवस्था. नेपाळमध्ये 2015 ला काठमांडूची धावपट्टी खराब व्हायला लागली म्हणून 196 टनांपेक्षा जड विमानांना बंदी घालावी लागली. थोडक्यात सामान कमी पडण्यापेक्षा ते मध्येच तुंबण्याची शक्यता जास्त असते, आणि तुंबतं ते नेहमी सगळ्यात अरुंद जागी. ती जागा शोधणं हे ग्रुपचं काम. शक्य असेल तर दोघांना गाडीत बसवून खरंच तो रस्ता फिरवून आणा, नकाशावर सगळे पूल मजबूत असतात.

गाड्यांच्या यादीवर कधीच विश्वास ठेवू नका. ट्रान्सपोर्टवाला 10 ट्रक देतो म्हणतो, खोटंही बोलत नसतो, पण तेच 10 ट्रक त्याने अजून तीन ठिकाणी कबूल केलेले असतात. सरळ विचारा की अजून कोणाला शब्द दिलाय, आणि जे सांगेल त्याच्या निम्मे धरा. ड्रायव्हरचं घरही त्याच पुरात असू शकतं हेही लक्षात ठेवा. त्याच्या घरच्यांची सोय प्लॅनमध्ये असेल तर तो येईल, नाहीतर त्याने का यावं?

येणाऱ्या सामानाबद्दलही लिहा. नको असलेल्या वस्तू इतक्या येतात की गरजेच्या वस्तू त्याखाली गाडल्या जातात, 2004 च्या त्सुनामीनंतर न मागितलेल्या औषधांचे आणि कपड्यांचे ढीग झाले होते. काय पाठवू नका याची यादी आधीच तयार ठेवा. औषधं देताना ज्याची एक्सपायरी आधी ते आधी बाहेर, आणि लसींसाठी 2 ते 8 अंश तापमान लाइट गेल्यावर किती तास टिकतं ते मेडिकलवाल्याकडून लिहून घ्या.

भांडणं होणारच, आणि ती बहुतेक एकाच गोष्टीवरून होतात की गाडी एक आणि मागणारे तीन. हे आत्ताच भांडून घ्या. क्रम कोण ठरवणार, कशाच्या आधारे, ते लिहा. दोघं अडून बसले तर सगळ्यांसमोर ताणू नका, त्या दोघांनाच अर्धा तास एका खोलीत बसवा आणि एक पान लिहून आणायला सांगा. मीटिंग तासाभराची, प्रत्येक कामापुढे एकच नाव. 'स्टोअर व परचेस यांनी संयुक्तपणे' असं लिहिलेलं काम मी आजवर झालेलं पाहिलं नाही.

लिहिताना 80 पानी ग्रंथ नको. प्रत्येक भूमिकेसाठी एक पान, छापलेलं, कारण नेटवर्क गेलं की मोबाइलमधली पीडीएफ शोधायला चार्जिंगही नसतं. फोन नंबर दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष लावून बघायचे, हे काम एका माणसाच्या नावावर टाका.

शेवटी टेबलावरची ड्रिल, दोन तास. प्रसंग तुकड्यातुकड्याने सांगा. सकाळी 6, पाणी वाढतंय. 8 वाजता पूल बंद. मग 9 वाजता म्हणा की लीडरच सापडत नाहीये, आणि तुम्ही खरंच खोलीबाहेर जा. बाहेर उभं राहून आतला गोंधळ ऐकणं जरा जड जातं, पण आत जाऊ नका. एक जण फक्त कुठे कुठे अडलं ते लिहीत राहील, बाकी काही बोलणार नाही. नंतर एकदा खरा एक ट्रक भरून, नेऊन, उतरवून बघा, घड्याळ लावून.

आमच्या त्या ट्रकला ठरवलेल्या 40 मिनिटांऐवजी पावणेदोन तास लागले, आणि त्यातला मोठा वेळ गेटवर गेला, कारण रात्री गेटपासवर सही करायचा अधिकार कोणाला हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. शटरचं हँडल मात्र तोवर नवीन बनवून दारामागे खिळ्याला टांगलेलं होतं.