काचेवरचा स्टिकरचा गम निघत नसेल तर (माझा अनुभव)

घणसोलीत आमच्या सोसायटीचं पार्किंग स्टिकर दरवर्षी बदलतं, जुनं खरवडलं की पुढच्या काचेवर बाहेरून गमचा पिवळट थर राहतो आणि रात्री समोरून लाईट पडला की तेवढाच भाग धुरकट दिसतो. शाम्पू, गरम पाणी, खोबरेल तेल सगळं झालं, गम नुसता पसरतोय, जाम वैताग.

शेवटी ॲसिटोनने (नेलपॉलिश काढायच्या रिमूव्हरमध्ये असतं ते) निघाला. गाडी उघड्यावर सावलीत लावा, बेसमेंटमध्ये अजिबात नको, कारण ह्याची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते आणि उणे 20 अंशालाही पेट घेऊ शकते, म्हणजे आजूबाजूला सिगरेट वगैरे काही नको. काच थंड झाली की कडेच्या रबरावर आणि पेंटवर मास्किंग टेप लावा. ॲसिटोन काचेवर ओतायचं नाही, सुती फडक्याच्या कोपऱ्यावर थोडंसं घ्यायचं, गमवर अर्धा मिनिट दाबून धरायचं, मग जुन्या एटीएम कार्डाने एकाच दिशेने ढकलायचं. गम गुंडाळी होऊन येतो, बघायला मजा येते खरंतर. उरलेलं स्वच्छ फडक्याने पुसा आणि साबणाच्या पाण्याने धुवा.

नायट्राइल ग्लोव्हज ह्यात फार टिकत नाहीत, बदलत राहा. स्टिकर आतून असेल तर ॲसिटोन विसरा, डॅशबोर्डवर एक थेंब पडला तरी प्लास्टिक खराब होतं, तिथे चारही दारं उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोल, जरा वेळ लागतो एवढंच. मागच्या काचेवर डिफॉगरच्या (काचेवरची वाफ घालवणाऱ्या) रेषा किंवा सनफिल्म असेल तर कार्डही फिरवू नका. वापरलेलं फडकं गाडीत टाकायचं नाही, मोकळ्या हवेत पूर्ण वाळलं की मगच कचऱ्यात.