बॅकट्रॅक: इंग्रजी लिहिताना या चुका टाळा

‘द मिनिस्टर बॅकट्रॅक्ड हिज स्टेटमेंट.’ इंग्रजीत बातमी लिहायला शिकणाऱ्या मराठी मुलांच्या कॉपीत असलं वाक्य सहज येऊन जातं. का येतं, ते उघड आहे. मंत्र्यांनी वक्तव्य मागे घेतलं, शब्द फिरवला. मराठीत इथे कर्म लागतं आणि तेच आपण बॅकट्रॅकच्या पुढे आणून ठेवतो. इंग्रजीत हे क्रियापद बहुतेक वेळा अकर्मक असतं, म्हणून मध्ये ‘ऑन’ हवा: ‘बॅकट्रॅक्ड ऑन हिज स्टेटमेंट’. ‘फ्रॉम’ही चालतो.

कर्म ठेवायचंच असेल तर ‘रिट्रॅक्ट’ आहे, पण त्याची जात वेगळी. रिट्रॅक्ट करणारा विधान मागे घेतल्याचं उघड सांगतो. संशोधनपत्रिका सदोष निबंध मागे घेतात तेव्हा हाच शब्द येतो. बॅकट्रॅक करणारा मात्र ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला’ इथून सुरुवात करतो आणि हळूहळू सरकत जातो. ‘यू-टर्न’ म्हणजे सरळ घूमजाव. बॅकट्रॅक अर्धवटही असू शकतं. मथळा देताना हे तिन्ही शब्द सरमिसळ वापरू नका.

‘बॅकट्रॅक माय स्टेप्स’ही टाळा. पावलांसाठी ‘रिट्रेस’ हे चांगलं क्रियापद आहे. ‘बॅकट्रॅक बॅक’मधला दुसरा बॅक तर फुकटचाच.

कर्माच्या नियमाला एक जुना अपवाद आहे, आणि तो शब्दाच्या इतिहासातून येतो. ‘ट्रॅक’ इंग्रजीत पंधराव्या शतकात आला, बहुधा जुन्या फ्रेंचमधल्या ‘त्राक’वरून. त्याचा अर्थ घोड्यांच्या पावलांचा माग. ‘बॅक ट्रॅक’ हे आधी नाम होतं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत ‘टेक द बॅक ट्रॅक’ म्हणजे आल्या वाटेने परत फिरणं, माघार घेणं. क्रियापद त्यानंतर रुळलं. शिकारी आणि माग काढणारे लोक ते दोन तऱ्हांनी वापरतात. कुत्रे मागे लागलेला कोल्हा त्यांना चकवायला स्वतःच्याच ठशांवरून उलटा जातो, हे एक बॅकट्रॅक. दुसऱ्यात माणूस जनावराचे ठसे उलट्या दिशेने धरतो. ते कुठे गेलं हे नव्हे, कुठून आलं हे शोधतो. या दुसऱ्या अर्थात ‘बॅकट्रॅक अ डिअर’ असं कर्म बिनदिक्कत येतं. बातमीत आणि निबंधात मात्र या अपवादाचा आधार घेऊ नका.

या इतिहासामुळेच ‘आय बॅकट्रॅक्ड टू पुणे’ हे वाक्य बहुतेकदा फसतं. नुसतं परतणं म्हणजे बॅकट्रॅक नव्हे. आलेल्याच वाटेने परतायला हवं. पुण्याहून कोकणात ताम्हिणी घाटाने गेलात आणि वरंध्याने परतलात, तर ते ‘रिटर्न’.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ऑफिसच्या ईमेलमध्ये होते. ‘आय वॉन्ट टू बॅकट्रॅक ऑन द डेडलाइन’ असं लिहिणारा स्वतःवरच ठपका ठेवतो, कारण दिलेला शब्द दबावाखाली सोडल्याची छटा त्यात आहे. ‘रिव्हाइज’ किंवा ‘रिकन्सिडर’ लिहा. बोलताना ‘लेट मी बॅकट्रॅक अ लिट्ल’ म्हणायला हरकत नाही. तिथे आधीच्या मुद्द्यावर परत येणं एवढाच अर्थ असतो.

संगणकशास्त्रात तर ही बदनामी पूर्ण पुसली गेली. १९५० च्या दशकात गणितज्ञ डी. एच. लेहमर यांनी ‘बॅकट्रॅक’ हा शब्द एका शोधपद्धतीला दिला. बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर एकमेकांना मारणार नाहीत असे ठेवायचे, हे तिचं नेहमीचं उदाहरण. अशा एकूण ९२ मांडण्या आहेत. परीक्षेत विद्यार्थी ‘सगळ्या शक्यता तपासणं’ अशी व्याख्या लिहून मोकळे होतात. तिथे गुण जातात. अर्धी मांडणीच चुकतेय असं दिसताच तिच्या पुढचं काहीही न तपासता शेवटच्या फाट्यापर्यंत मागे येणं, हा तिचा गाभा आहे. सुरुवातीपर्यंत परतायचं नसतं.

दिसायला सारखे, अर्थाने वेगळे शब्दही सांभाळा. ‘ट्रेस बॅक’ म्हणजे मूळ शोधणं. फुटबॉलमध्ये ‘ट्रॅक बॅक’ म्हणजे आक्रमक खेळाडूने बचावासाठी मागे धावणं. कराओकेवर वाजतो तो ‘बॅकिंग ट्रॅक’. आणि क्रियापद एकाच शब्दात लिहायचं, मध्ये जागा नको.

समांतर टॅक्सीवे, म्हणजे धावपट्टीच्या टोकापर्यंत जायचा वेगळा रस्ता, नसलेल्या विमानतळावर वैमानिक ‘बॅकट्रॅक’ची परवानगी मागतो तेव्हा त्याने बेत बदललेला नसतो. धावपट्टीवरूनच उलट दिशेने टोकापर्यंत जायचं आणि तिथे वळून उड्डाण घ्यायचं, एवढंच त्याला हवं असतं. अमेरिकेत यालाच ‘बॅक-टॅक्सी’ म्हणतात.